पिशवीवाल्या आक्का

आजाऱ्याच्या खोलीत शिरताना माणसं नाकाला पदर लावतात. जी जास्त सभ्य असतात ती नुसता श्वास रोखतात आणि तशाच कोंडलेल्या आवाजात "कसं आहे आता?" विचारतात. पिशवीवाल्या आक्का उंबऱ्यावर थांबायच्या आणि छाती भरून श्वास घ्यायच्या. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, बाईला दम लागलाय, स्कूटर लांब लावून चालत आल्या असतील. कसला दम! बाई वास घेत होत्या. "लघवीचा न्हाय, जखमेचाबी न्हाय. पिशवी खालच्या अंगानं सुटलीया, वैनी," असं त्यांनी आप्पांचं पांघरूण काढायच्या आधीच सांगून टाकलं. पिशवी खरंच खालून सुटली होती.

आप्पा म्हणजे माझे सासरे. निपाणीजवळच्या खेड्यातलं आमचं जैन शेतकऱ्याचं घर, थोडा ऊस, थोडी तंबाखू. आप्पांच्या आतड्यात कॅन्सरची गाठ निघाली आणि बेळगावात ऑपरेशन झालं. गाठ गेली, पण शौचाची खालची वाट डॉक्टरांना कायमची बंद करावी लागली. पोटाच्या डाव्या बाजूला नवी वाट काढून दिली, तिथून येईल ते पोटाला चिकटवलेल्या पिशवीत जमायचं. केव्हा येईल याचा नेम नाही आणि रोखून धरायची सोय नाही. घरी आणलं तेव्हा जीव वाचला म्हणून गावात पेढे वाटले. पेढे संपले, मग प्रश्न आला की पिशवी बदलायची कुणी. कुणी म्हणजे काय, सून कशाला असते!

माझं माहेर बेळगावातल्या अनगोळचं, लग्नाआधीपासून शाळेत शिकवायची सवय. रजा घेतली, रजा वाढवली, मग शाळेनं विचारायचं सोडून दिलं. आमचे हे स्वभावानं चांगले आहेत हो, पण पिशवी दिसली की पांढरेफटक पडायचे आणि त्यांना नेमकं रानातलं काम आठवायचं. मी कोपऱ्यावरच्या गिरणीत दळण टाकायला गेले तरी कान घराकडे. माहेरी भावाच्या मुलीचं बारसं झालं, मी फोटोत बघितलं. आप्पा मधल्या खोलीत अडकलेले आणि मी त्यांच्या दाराशी. कधी कधी असा राग यायचा की भिंतीवर डोकं आपटावं, आणि तो काढायचा कुणावर तेही कळायचं नाही.

अशात आक्का आल्या. निपाणीच्या एका दवाखान्यात त्या सिस्टर होत्या. जुनाट जखमा, पोटावरच्या पिशव्या आणि ज्यांचा लघवी-संडासवर ताबा राहत नाही अशी माणसं, एवढंच त्यांचं काम, आणि त्यासाठी वेगळं शिक्षण घेतलेलं. सुट्टीच्या दिवशी आसपासच्या खेड्यांत घरी जाऊन बघायच्या. गावानं त्यांचं नाव पिशवीवाल्या आक्का ठेवलं. "भाजीच्या पिशव्या इकत फिरतीया असं वाटत आसंल लोकांस्नी," असं म्हणून त्या स्वतःच हसायच्या. खानापूरकडच्या शेतकरी घरातल्या, उंच, हाडापेराच्या. आवाज असा की पलीकडच्या गल्लीत कळावं कुणाकडे कोण आलंय.

त्यांची एक खोड होती. काम झालं, हात धुतले की आजाऱ्याच्या पलंगावरच टेकायच्या आणि म्हणायच्या, "च्या हितंच आणा, वैनी. तुमाला पण आणा. आन् मालकास्नी बोलवा की, ते का भाईर हुबं हाईत?" आमच्या ह्यांना आत येऊन बसावं लागायचं, त्या खोलीत चहा प्यावा लागायचा. पहिल्या वेळी ह्यांनी तो औषधासारखा एका घोटात संपवला. आक्का मुद्दाम रेंगाळायच्या, उसाच्या तोडीचं विचारायच्या, बशी भरून पुन्हा चहा ओतायच्या. पुढे हे न बोलावता येऊन बसायला लागले. आप्पा मात्र भिंतीकडे तोंड करून असायचे.

पिशवी पोटाला चिकटते त्या चकतीला भोक कापायचं असतं, ते मी आपलं ढोबळ मोठं कापत होते. त्यामुळे कडेचं कातडं सोलून लाल झालेलं. आक्कांनी माझ्या हाताला धरून मापानं कापायला शिकवलं. नवी वाट लालबुंद, ओलसर दिसायची, मला तिची भीती वाटायची. "तोंडाच्या आतनं गाल कसा आसतोय, तसंच हाय हे. लाल हाय म्हंजे झ्याक हाय. काळं-निळं दिसलं तर मला फोन करायचा, न्हायतर घाबरायचं न्हाय," त्या म्हणायच्या. आणि आप्पांना ऐकू जाईल अशा बेतानं पुढे जोडायच्या, "कातडं सांभाळाय मी हाय, आप्पा. लाज तेवढी तुमची तुमाला सांभाळाय लागंल."

कातडं बरं झालं. पिशवी टिकायला लागली. आप्पांची उमेद वाढली आणि एका सकाळी ते म्हणाले, "बस्तीत जाऊन येतो." बस्ती म्हणजे आमचं जिनमंदिर, घरासमोरच. आजारापूर्वी आप्पांचा रोजचा अभिषेक कधी चुकला नव्हता. घरात ते सैल पायजम्यात असायचे, पण अभिषेकाला सोवळ्याचं धोतर लागतं. ते त्यांनी चांगलं आवळून नेसलं, उपरणं पोटावर घेतलं आणि गेले. धोतराची गाठ बरोबर चकतीवर आली. ऐन अभिषेकात, मूर्तीवर दूध पडत असताना, चकती सुटली. माणसं नुसती दोन पावलं मागं सरली. उपाध्यांनी कलश खाली ठेवला. आप्पा उपरण्यात सगळं धरून तसेच घरी आले, आणि त्यांच्यामागे कुणीतरी बस्तीची फरशी धुतल्याचा आवाज आम्हाला घरात ऐकू आला.

आक्कांनी गाठ कुठे आली ते शोधून काढलं, धोतर चकतीच्या खालून कसं नेसायचं ते आमच्या ह्यांना नेसवून दाखवलं. काय उपयोग! आप्पांनी बस्तीच्या बाजूची खिडकी लावून घेतली ती घेतलीच. खोलीत दिवसासुद्धा दिवा लावावा लागायचा. मी कंटाळून एकदा आक्कांपुढे रडले. त्या म्हणाल्या, "रडा की. मी बी रडतो गाडीवर, हेल्मेटात कुणाला दिसत न्हाय." तेव्हा कळलं की त्यांच्या घरी त्यांची आई होती, कशाचंच भान नसलेली, अंथरुणातच सगळं करणारी. आक्का ड्युटीला जाताना बाहेरून कुलूप लावायच्या आणि जेवणाच्या सुट्टीत जाऊन कपडे बदलून यायच्या. सगळ्या गावाची कोंडी फोडत फिरणारी बाई स्वतःच्या आईला कुलपात ठेवत होती. आता त्या निपाणीत नाहीत. नोकरी सोडून आईला घेऊन खानापूरकडे गेल्या. फोन लागला तर लागतो. मी विचारते, "कशा आहात?" त्या म्हणतात, "हाय हितंच."

पण मला त्या आठवतात त्या पर्वानंतरच्या एका संध्याकाळच्या.

भाद्रपदात आमचं दशलक्षण पर्व असतं. घरोघरी उपवास, कुणी एकवेळ जेवतं, कुणी नुसत्या पाण्यावर राहतं. आप्पांनीही एकवेळ जेवण सुरू केलं, मग नुसतं दूध, मग फक्त उकळलेलं पाणी. पिशवी बदलायला ते तोवर स्वतः शिकले होते, मला आत येऊ देत नव्हते. आम्हाला वाटलं, चला, माणूस देवाधर्मात सावरला. पर्व संपलं, सगळ्यांनी पारणं केलं, म्हणजे रीतीनं उपवास सोडला. आप्पांनी सोडला नाही. विचारलं की हात जोडायचे.

आमच्या आत्याबाई, आप्पांच्या थोरल्या बहीण, कडक बाई. त्यांनी आप्पांचे हात जोडलेले बघितले आणि डोळे पुसत म्हणाल्या, "आप्पा सल्लेखनेच्या वाटेवर हाय." सल्लेखना म्हणजे आमच्यातलं शेवटचं व्रत, आयुष्य संपत आल्यावर शांतपणे अन्न सोडत जाणं. ते फार मोठं व्रत आहे, गुरूंसमोर घ्यावं लागतं, भल्याभल्यांना मिळत नाही. आप्पांनी ते कुणासमोर घेतलं, हे कुणी विचारलंच नाही. माणसं दर्शनाला येऊ लागली. त्या दिवशी तर घराचा पुढचा सोपा बायकांनी भरून गेला, स्तवनं सुरू झाली. जी माणसं बस्तीत दोन पावलं मागं सरली होती, तीच एकेक करून आत जात होती आणि आप्पांच्या पायांवर डोकं ठेवत होती. मी दारात उभी होते. आप्पांनी माझ्याकडे एकदा बघितलं. विहिरीत पडलेलं माणूस वर बघतं, तसं.

आईच्या दुखण्यामुळे आक्कांची एक खेप चुकली होती. उन्हं कलताना स्कूटर वाजली. सोप्यातल्या बायका बघून त्या चमकल्या, वाट काढत मधल्या खोलीपर्यंत आल्या आणि उंबऱ्यावर नेहमीसारखा श्वास घेतला. पुन्हा घेतला. माझ्याकडे वळून हळू आवाजात, त्यांच्या तोंडी मी कधीच न ऐकलेल्या हळू आवाजात म्हणाल्या, "वैनी, आज वासच न्हाय."

मला आत घेऊन त्यांनी दार लोटलं. आप्पांच्या हातावरचं कातडं चिमटीत धरून सोडलं, ते तसंच उभं राहिलं. जीभ बघितली. पिशवी बघितली, कोरडी. मग पलंगावर बसल्या आणि म्हणाल्या, "आप्पा, खरं सांगा. ह्यो उपास देवासाठी का पिशवीसाठी?"

बाहेर स्तवन चाललं होतं. आप्पा म्हणाले, "खाल्लं की येतंय, बाई. न्हाय खाल्लं तर येत न्हाय. मला एवढंच पायजे होतं. मराय नको होतं मला." आणि त्यांचा चेहरा लहान मुलासारखा वाकडा झाला. "आता भाईर सगळी बसल्यात. पाया पडाय लागल्यात. आता कसा खाऊ?"

हा माणूस उपाशी होता. भरल्या घरात, पोटच्या पोरासमोर, नुसता उपाशी होता, आणि आम्ही त्याला हार घालत होतो!

आक्कांनी कपाळाला हात लावला नाही की उपदेश केला नाही. विचारलं, "तुमच्यात सूर्य बुडल्यावर खात न्हाईत न्हवं?" मी मान हलवली. त्यांनी लावलेली खिडकी धाडकन उघडली. बस्तीच्या शिखरावर ऊन उरलं होतं, तेही उतरत होतं. "मग उद्यावर टाकाय यायचं न्हाय," म्हणाल्या. "नाडी बघितली मी. उद्या सकाळी सलाईन लावूया, पण आज पोटात कायतरी गेलंच पायजे." त्यांनी दवाखान्यातल्या डॉक्टरांना फोन लावला. मी दार उघडून सोप्यात आले आणि एका दमात बोलून गेले, "आप्पा पारणं करणार आहेत."

स्तवन थांबलं. आत्याबाई उठल्या. "असं मधीच? कुणाला इचारून? ह्या सिस्टरीला? तिला आमचं काय ठावं?" आमचे हे खाली मान घालून उभे. मी म्हटलं, "आत्याबाई, त्यांनी व्रत घेतलंच नाही." त्या म्हणाल्या, "तू गप. आप्पाच्या तोंडून ऐकू दे." आक्का माझ्यामागे आल्या होत्या. मला वाटलं आता ही बाई सगळं सांगणार, पिशवी, वास, बस्ती, सगळं, आणि आप्पा जगले तरी या गावात तोंड दाखवणार नाहीत. आक्का फक्त एवढंच बोलल्या, "बरोबर हाय. त्यांच्याच तोंडनं ऐका," आणि दारातून बाजूला झाल्या.

आप्पा चौकट धरून उभे होते. अंगात सदरा नव्हता. उघड्या पोटावर पिशवी, सगळ्यांना दिसेल अशी. आक्कांनी धरायला हात पुढे केला तो त्यांनी घेतला नाही.

"ताई," आप्पा म्हणाले, "मला भूक लागलीया."

आत्याबाई भावाकडे बघत राहिल्या, त्याच्या पोटाकडे, बरगड्यांकडे. मग त्या कडक बाईंनी पदर खोचला आणि त्या भरभर स्वयंपाकघरात गेल्या. भांड्यांचा आवाज झाला. मुगाचं पाणी घेऊन त्या स्वतः आल्या आणि तिथेच सोप्यात, सगळ्यांसमोर, भावाला चमच्यानं पाजायला लागल्या. "सावकाश, घोट घोट द्या," एवढंच आक्का म्हणत होत्या. आत्याबाई रडत होत्या आणि "गप गीळ" म्हणून आप्पांनाच दरडावत होत्या. वाटी संपली तेव्हा अंगणात नुसता उजेड होता, ऊन नव्हतं.

आप्पांना परत पलंगावर निजवलं. आक्का उशाशी बसून राहिल्या, त्यांना आईकडे जायची घाई असणार, तरी उठल्या नाहीत. आमचे हेही आत येऊन बसले. दार उघडंच होतं. आप्पा मान वळवून मला म्हणाले, "पोरी, उद्या सकाळी काय करणार हाईस?"

"मऊ भात," माझ्याआधी आक्काच बोलल्या. "तेवढाच. दुसरं कायबी मागायचं न्हाय."

"मऊ भात तर मऊ भात," आप्पा म्हणाले. "पण तूप घाल जरा."