बडी लाइनचं रिकामं टोक

आधीच कबूल करतो... हूक निसटला नव्हता, मी तो काढला होता. भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. जे घडलं ते फक्त सांगतो.

मी लोणावळ्याचा. पवना धरणात बुडालेल्यांना शोधणाऱ्या आमच्या पथकात पवनानगरचा सुदाम माझा जोडीदार. तळाशी हातभर अंतरावरचं दिसत नाही, म्हणून दोघांच्या कमरेला हुकाने अडकवलेली एकच दोरी – बडी लाइन. दोन झटके म्हणजे ‘बरा आहेस ना?’ उत्तरही दोनच झटके. दोरी अडकली तर आधी खूण करायची, मगच हूक काढायचा. नाहीतर दुसरा आपल्याला शोधत राहतो आणि त्याच्या टाकीतली हवा संपते.

दोघांचे हूक सुदामच लावायचा. लावताना म्हणायचा, “भाऊ, लगीन लागलं आपलं. आता न सांगता पळायचं न्हाई!”

गेल्या वर्षी एका शोधात तळाशी बुडालेल्या झाडात दोरी अडकली. मी घाबरलो. दोन झटके आले... मी उत्तर दिलं नाही. हूक काढला आणि वर आलो.

सुदामचा मृतदेह वर काढला तेव्हा सगळी दोरी त्याने गोळा केलेली होती. माझं टोक त्याच्या मुठीत होतं.

“हूक निसटला,” मी सगळ्यांना सांगितलं. त्याची आई, हौसामावशी, येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणायची, “माज्या पोराचीच चूक. हूक नीट लावला न्हाई त्यानं.” मी मान खाली घालून तिच्या हातचा चहा प्यायचो.

यंदाच्या उन्हाळ्यात, भर दुपारी, एका होडीचा अडकलेला नांगर सोडवायला त्याच जागी उतरलो. जोडीला कुणी नव्हतं, तरी सवयीने लाइन कमरेला लावलेली. दुसरं टोक मोकळंच.

नांगर सुटला आणि कमरेला दोन झटके बसले.

फांदीत अडकली असेल, म्हणून थांबलो. पुन्हा दोन. मध्ये सुदाम उत्तरासाठी थांबायचा तेवढीच उसंत... मी दोन झटके दिले. दोरी सैल पडली. ओढून घेतली. टोकाला काहीच नव्हतं.

वर येऊन नावाड्याला विचारलं, “दोरी तू ओढलीस?”

“म्या कशाला वढू? ती तर तुमच्यासंगं पान्यात व्हती. ऊन लागलं का काय भाऊ?”

लाट, फांदी, माझं मन... काही म्हणा. मला अजून उलगडा झालेला नाही. तो तिथे मला अजून शोधतोय, एवढंच डोक्यातून जात नाही. आणि माझ्या उशिराच्या उत्तराने तो थांबला असेल, असंही म्हणवत नाही.

ओल्या कपड्यांनीच मावशीकडे गेलो. ती दारात तांदूळ निवडत होती.

“ये की भाऊ, च्या टाकते.”

“नको मावशी. हूक सुदामने नीटच लावला होता. मी काढला. तो मला शोधत राहिला. चूक त्याची नव्हती, माझी होती... मला माफ करा.”