पालखीखालचा चेहरा

आठवीत शाळा सुटलेली. म्हणून रत्नागिरीच्या दैनिकात पानावर फोटो बसवायचं काम मिळालं तेव्हा वाटलं, साहेबांची काहीतरी चूक झालीय. ती त्यांच्या लक्षात येऊ नये म्हणून मी बरेच दिवस फारसा बोललोच नाही. मी बीडकडचा. एकट्या पोराला खोली द्यायला कुणी तयार नव्हतं, ती घरमालक काकांनी दिली. वर काकूंची रोजची कालवणाची वाटी. माशाचे काटे काढायलाही त्यांनीच शिकवलं. अशा माणसाला नाही म्हणायचं कसं?

शिमग्यात त्यांच्या गावची पालखी निघाली. पहिला खांदा काकांच्या घराचा, हा जुना मान. पण नेमका काकांचा पाय मुरगळला आणि खांदा दिला चुलतभावाने. दोघांत बोलणं नाही. आमच्या फोटोग्राफरने टिपला तो हाच खांदा.

दुपारी काका लंगडत ऑफिसात आले. त्यांचं म्हणणं सरळ होतं: भावाच्या धडावर आपलं डोकं बसवायचं. नाहीतर पुढच्या शिमग्याला भाऊ पेपरचं कात्रण घेऊन मान मागायला उभा राहणार. मोबाईलवर दाखवलेला त्यांचा फोटो पुतणीच्या लग्नातला, गालात अख्खा लाडू. पालखीखाली जेवणावळ चालल्यासारखी दिसली असती.

चहा निवायच्या आत काम झालं असतं. पण साहेबांचा नियम होता: उजेड वाढवा, कडा कापा, माणूस बदलायचा नाही. खोली गेली, कालवण गेलं, असं मनात म्हणत मी बोललो,

"काका, आज तुमचं डोकं लावलं, तर उद्या भाऊ ते काढायला सांगतील. मग मी कुणाचं ऐकू?"

"माझं. भाडेकरू माझा आहेस."

आणि ते जिना उतरून गेले.

फोटो तसाच गेला. गावात फोन करून खात्री केली आणि साहेबांना विचारून खाली ओळ घातली, की मानकऱ्यांचा पाय दुखावल्याने त्यांच्या वतीने चुलतभावाने खांदा दिला.

सकाळी पिशवी भरूनच खाली आलो. काका ओटीवर पाय पसरून ती ओळ मोठ्याने पुन्हा पुन्हा वाचत होते. 'त्यांच्या वतीने' आलं की आवाज पार अंगणाच्या दगडी गडग्यापलीकडे जात होता. मला बघून चष्मा काढला.

"त्याचं तोंड उघडं राहिलंय. ते तरी मिटवायचंस."

"तेही चालत नाही, काका."

"राहू दे मग. तो असतोच तसा." त्यांनी फोटो पुन्हा न्याहाळला आणि आत हाक दिली, "अगो, ह्याला चहा दे. आणि पिशवी घेऊन कुठे निघालाय, ते विचार."