आठव्या मजल्याचा शब्द

आठ मजली कचेरीत लिफ्ट चालवणाऱ्या गृहस्थांना सगळे वरखालीकाका म्हणत, आणि तेही तोंडावर. त्यांना राग येत नसे. उलट कुणी अशी हाक मारली की ते स्टुलावर जरा ताठ होऊन बसत. दिवसभरात माणसं त्यांच्याशी बोलायची ती त्या डब्यातच, तीसुद्धा मजला येईपर्यंत. पहिल्या मजल्याचा माणूस नुसता खाकरून उतरे. आठव्याच्या माणसाकडून मात्र जावयाच्या नोकरीपासून स्वतःच्या मूळव्याधीपर्यंत सगळं कळे, पण गोष्ट ऐन रंगात आली की दार उघडायचं. अर्धवट गोष्टींचा एवढा साठा सबंध शहरात दुसऱ्या कुणाकडे नसेल.

घरी तेवढंही नव्हतं. जन्मभर लोकांना वर नेणारा हा माणूस राहायचा चौथ्या मजल्यावर, बिनलिफ्टच्या इमारतीत. बायको जाऊन सहा वर्षं झालेली. एकुलती एक लेक सासरी, बारा तासांच्या प्रवासावर. वर्षातून एकदा ती नवऱ्याला आणि पोराला घेऊन आठ दिवस यायची. काकांचं वर्ष म्हणजे तेच आठ दिवस. बाकीचे दिवस त्यांची वाट बघण्यात जायचे.

अशात कचेरीत नवे साहेब आले. परदेशी पाहुण्यांची ये-जा वाढली होती आणि लिफ्टमध्ये पाय ठेवताक्षणी पाहुणा प्रसन्न झाला पाहिजे, असं साहेबांच्या मनानं घेतलं होतं.

"नुसतं येस सर चालणार नाही, काका. आवाजात आत्मविश्वास पाहिजे, आनंद पाहिजे. जमेल ना?"

"बघतो, साहेब."

"बघतो नाही! ॲब्सोल्यूटली म्हणा!"

साहेबांनी शब्दांची यादी दिली. तिसऱ्या मजल्यावरच्या टायपिस्ट बाईंनी ती मराठी अक्षरांत एका कार्डावर लिहून अर्थासकट समजावली. बाई जिभेनं तिखट, पण काकांसाठी रोज सकाळी दोन मिनिटं लवकर यायच्या. यावरून कचेरीच्या चौथ्या मजल्यानं काय काय बोलून घेतलं, ते सोडा.

"शुअरली म्हणजे खात्रीनं. ग्लॅडली म्हणजे आनंदानं. चिअरफुली म्हणजे हसतखेळत. आणि ॲब्सोल्यूटली म्हणजे शंकाच नको."

"आणि नाही म्हणायचं असलं तर?"

"ते या कार्डावर नाही," बाई म्हणाल्या. "साहेबांना विचारा."

काकांनी ते काही विचारलं नाही. त्यांनी आपली एक पद्धत बसवली: जवळच्या मजल्याला छोटा शब्द, लांबच्याला मोठा. पहिल्या-दुसऱ्याला शुअरली, मधल्यांना ग्लॅडली आणि चिअरफुली, आणि आठव्याला ॲब्सोल्यूटली. तोही असा ओढून, की त्यातला 'ली' सहाव्या मजल्याच्या आसपास कुठंतरी संपे. पाहुणे खूष, साहेब खूष. पाचव्या मजल्यावरचे दोन कारकून तर तो शब्द ऐकायला मुद्दाम आठव्यापर्यंत जाऊन जिन्यानं खाली यायचे.

घरी काका आरशासमोर सराव करत. खरं सांगायचं तर सरावाची गरज पहिल्या आठवड्यातच संपली होती. पण रिकाम्या घरात तो आवाज घुमला की दुसऱ्या खोलीत कुणीतरी मजेत आहे असं वाटायचं. म्हणून ते म्हणत राहिले.

पुढं शब्द तोंडात इतके मुरले की विचारायच्या आत बाहेर पडू लागले. न्हाव्यानं "बारीक करू का?" विचारलं, काका "ॲब्सोल्यूटली!" म्हणाले आणि जवळपास तुळतुळीत होऊन घरी आले. कचेरी आठवडाभर हसली, काकाही हसले.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी लेकीचा फोन आला.

"बाबा, यांची बदली झालीय. पोराची शाळा नवी, घर लावायचंय. यंदा आमचं येणं नाही जमलं तर चालेल ना हो तुम्हाला?"

"ॲब्सोल्यूटली!"

आठव्या मजल्याचा, ऐटदार, लांबलचक. पलीकडून लेकीचा सुस्कारा ऐकू आला, मग हसणं, मग नवऱ्याला सांगणं, "अहो, बाबा किती मजेत आहेत! मी उगाच जिवाला घोर लावून घेतला." फोन ठेवल्यावर काकांच्या ध्यानात आलं, आपण काय बोलून बसलो ते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हे बाईंना सांगितलं.

"मग फिरवा की फोन! बोललात म्हणून काय बिघडलं?"

"तिला हायसं वाटलं हो. ते कसं काढून घेऊ?"

"डोक्यावरचे केस गेले, तेव्हा हसलो आपण," बाई म्हणाल्या. "यावर मी हसणार नाही."

चार दिवस काकांनी कळ काढली. पाचव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत जिन्यात बसून त्यांनी फोन लावला.

"बाबा? यावेळी कसा काय फोन?"

"चालणार नाही," काका म्हणाले.

"काय चालणार नाही?"

"तू नाही आलीस तर."

"चेष्टा करताय ना? त्या दिवशी तर एवढे खुशीत होतात..."

"चेष्टा नाही गं," काका म्हणाले. लेकीचा आवाज उतरला.

"रजा तर बदलीतच संपली, बाबा. एक करते. या रविवारी एकटीच येते. सकाळी येईन, संध्याकाळी निघेन."

आली. दिवसभर दोघं खूप बोलले; काकांकडं अर्धवट गोष्टी होत्याच, लेकीनं त्यांचे शेवट आपल्या मनानं लावून दिले. संध्याकाळी ती चार मजले उतरून गेली. काका कठड्याला टेकून तिच्या चपलांचा आवाज ऐकत राहिले. तळाशी तो थांबला.

"बाबा, नीट राहाल ना?" तिनं खालून ओरडून विचारलं.

शब्द ओठांवर आलाच होता. काकांनी तो गिळला.

"राहीन कसातरी!"

खाली चपला दोन पायऱ्या परत वर चढल्या.

"पुढच्या महिन्यात परत येते," ती म्हणाली, आणि चपलांचा आवाज रस्त्याकडं गेला.