उपासाच्या पानावरचं शून्य

माझ्या वहिनींना बेंबीजवळ हर्निया होता. दौंडच्या सर्जननी तपासलं आणि सांगितलं की ऑपरेशन करावं लागेल, पण ब्याण्णव किलो वजनावर ते करणार नाहीत. "ऐंशीपर्यंत आणा. एवढ्या चरबीत टाके नीट धरत नाहीत, भूल देणाऱ्यालाही रिस्क वाटते. पण फार वेळ लावू नका. आतडं अडकलं तर मला वजन बघत बसता येणार नाही." मी ते जसंच्या तसं टिपून घेतलं. टिपून घेणं हाच तेव्हा माझा व्यवसाय होता. शिरूरहून मी पुण्याच्या एका दैनिकाला तालुक्याच्या बातम्या पाठवायचो. दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली होती.

भाऊ आणि वहिनी वरवंडला, गावापासून थोडं बाहेर मळ्यात राहायचे. घरात आठ माणसं, हंगामात कामावरची आणखी चार. स्वयंपाक वहिनींकडे. डॉक्टर म्हणाले होते, तेल आणि साखर कमी करा, चालायला जा. वहिनी पहाटे पाचपासून चालतच असायच्या. त्यामुळे त्या सल्ल्याचं काय करायचं हे कुणालाच कळलं नाही.

पॉइंटची पद्धत शिरूरमधून आली. माझी बायको एका मेडिकलच्या दुकानावरच्या हॉलमध्ये वजन कमी करण्याच्या क्लासला जात होती. रांजणगावच्या कंपन्यांमुळे बाहेरून आलेल्या कुटुंबांतल्या बायका तिथे जास्त होत्या. क्लासची एक पुस्तिका होती. प्रत्येक पदार्थाला एक आकडा, दिवसाला बावीस पॉइंट, पालेभाज्यांना शून्य. दिवसाचे सगळे पॉइंट संपले नाहीत तर उरलेले त्याच आठवड्यात दुसऱ्या दिवशी वापरता यायचे. कॅलरी, ग्रॅम, टक्के काही नाही. बायकोचे चार महिन्यांत पाच किलो कमी झाले. तिचा स्वयंपाक दोन माणसांचा होता आणि पुस्तिकेतल्या स्वयंपाकासारखा होता, हे मी तेव्हा लक्षात घेतलं नाही.

वहिनींचं शिक्षण चौथीपर्यंत. बावीसपर्यंतची बेरीज हा त्यांच्यासाठी प्रश्नच नव्हता. मी पुस्तिका आणि दोनशे पानी वही घेऊन न्हावरा, चौफुला मार्गे मोटारसायकलवर गेलो. पुस्तिकेत ब्राउन ब्रेड होता, कॉर्नफ्लेक्स होते, बाजरीची भाकरी नव्हती. क्लासच्या बाई म्हणाल्या होत्या, भाकरीला दोन धरा. वहिनींची भाकरी बघून मी तीन धरले. पिठल्याला दोन, आमटीच्या वाटीला एक. असे आकडे मी बसवत गेलो. प्रत्येक आकडा अंदाजाचा होता, पण वहीत गेल्यावर तो तसा दिसत नव्हता.

भाऊ पडवीतून बघत होता. "पेपरवाल्याला बातम्या कमी पडाया लागल्या का रं? आता भाकरीचा तपास लावतोय."

"तुमचं पोट बघा आधी," वहिनी आतून म्हणाल्या. "त्याला येक अख्खी वही लागंल."

दर पंधरा दिवसांनी भाऊ त्यांना दौंडला न्यायचा आणि दवाखान्याच्या त्याच काट्यावर वजन व्हायचं. पहिल्या वेळी साडेएक्याण्णव. मग ब्याण्णव. मग पुन्हा साडेएक्याण्णव. "उसाच्या ट्रॉलीचं बी इतक्यांदा वजन हुत न्हाई," भाऊ म्हणाला. डॉक्टरांनी वही मागितली, चाळली, परत दिली. "या हिशोबाने तर वजन उतरायला हवं," ते म्हणाले. "एकतर वही खोटी आहे, नाहीतर पुस्तिका."

वहिनी खोटं लिहिणाऱ्या नव्हत्या. त्यामुळे मी पुस्तिकेवर संशय घेतला आणि एका रविवारी पूर्ण वही सुरुवातीपासून वाचली. बावीस, एकवीस, बावीस. सोमवारी शून्य. गुरुवारी शून्य. एकादशीला शून्य, चतुर्थीला शून्य. शून्याशेजारी सुवाच्य अक्षरात 'उपास'. बाकीच्या दिवसांत काही ठिकाणी तीस, बत्तीस. शेजारी 'सोमवारचे उरलेले'.

"वहिनी, सोमवारी काय खाल्लं होतं?"

"सोमवारी? उपास हुता की."

"उपासाला काय खाल्लं?"

"खिचडी. दुपारच्याला शेंगदाण्याचा लाडू. सांजच्याला भगर आन् दाण्याची आमटी. येखादं रताळं."

"मग ते लिहिलं का नाही?"

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की जणू मीच काही चुकीचं विचारलं होतं. "आता उपासाचं बी लिव्हायचं? भावजी, त्ये काय खाणं हाय व्हय? तुम्हीच म्हणला, जे खाल त्ये लिव्हा."

मी तसंच म्हणालो होतो. पॉइंटच्या पद्धतीला मी पूर्ण दोष देत नाही. ती माणसाला दिवसभर अन्नाचा विचार करायला लावत नाही, हा तिचा फायदा आहे. पण ती फक्त तेवढंच मोजते जे माणूस खाणं म्हणून ओळखतो. क्लासमधल्या बायकांत उपास करणाऱ्या असतीलच. त्यांना कुणी विचारलं होतं का, मला माहीत नाही.

पुरवणीतल्या एका लेखासाठी मी पूर्वी पुण्यातल्या एका आहारतज्ज्ञ बाईंशी बोललो होतो. त्यांच्याकडून कॅलरीचा तक्ता आणला. दिवसाला तेराशेची मर्यादा. उरलेलं पुढे न्यायचं नाही. स्वयंपाकघरात ठेवायचा छोटा काटाही घेतला. पहिल्याच दिवशी वहिनींनी सोमवारच्या खिचडीएवढी खिचडी ताटलीत काढून दाखवली. मी साबुदाणा, दाण्याचं कूट आणि तूप वेगवेगळं धरून बेरीज केली. त्या ताटलीच्या कॅलरी दोन मोठ्या भाकऱ्यांपेक्षा जास्त निघाल्या. मी आकडा सांगितला. तो न सांगता नुसता लिहिला असता तरी चाललं असतं.

वहिनींनी ताटली झाकून बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "म्हंजी तीस वर्सं म्या उपास केलाच न्हाई."

भाऊ हसला आणि लगेच थांबला.

कॅलरीची पद्धत अचूक आहे असं म्हणतात. एकट्या माणसाच्या ताटात ती असेलही. वहिनींच्या घरी कालवणाचं पातेलं एकच. तेल चार पळ्या, खाणारे आठ, पण वरचा तवंग कुणाच्या वाटीत किती गेला? वहिनी शेवटी जेवायच्या. तळाचं घट्ट त्यांच्या वाट्याला यायचं. पोरांच्या ताटातलं उरलेलं त्या उभ्यानेच संपवायच्या, कारण टाकायचं नाही. हे सगळं लिहायचं तर एका जेवणाला पाऊण पान लागायचं. मी दर रविवारी जाऊन बेरजा तपासायचो. दोघंही कंटाळलो होतो आणि एकमेकांना ते सांगत नव्हतो. पॉइंट लिहिताना वहिनी वही पोळपाटाशेजारी ठेवायच्या. आता ती फडताळात असायची आणि मी आल्यावर बाहेर यायची.

मात्र वजन उतरू लागलं. एकोणनव्वद. सत्याऐंशी. मी तक्त्याला श्रेय दिलं. नंतर भावाकडून कळलं की वहिनी सोमवारी आणि गुरुवारी पाण्याशिवाय काही घेत नव्हत्या. एका गुरुवारी चुलीपुढे त्यांना चक्कर आली होती. वहीत त्या दिवशी पुन्हा शून्य होतं, आणि या वेळी ते खरं होतं.

डॉक्टर रागावले. "अशक्त पेशंट मला नकोय. वजन कमी पाहिजे, जीव नाही."

"उपास सोडणार न्हाई," वहिनींनी सांगितलं. "करायचा तर खरा करीन."

मग बोलणी झाली. उपासाला पेलाभर दूध, दोनदा ताक, एक केळं किंवा पेरू, सगळं वहीत. सोमवारच्या पानावर शून्य लिहायचं नाही. हे त्यांनी मान्य केलं, पण एका अटीवर: मी आकडे मोठ्याने वाचायचे नाहीत.

पुढचे तीन महिने मला एकच रविवार वाटतात. न्हावऱ्याचा रस्ता, उसाच्या बैलगाड्या, वही, बेरीज, परत. पंच्याऐंशी. चौऱ्याऐंशी. मग दीड महिना चौऱ्याऐंशीच. कारखान्याचा पट्टा पडायच्या, म्हणजे गाळप संपायच्या सुमारास एका रविवारी दुपारी बेंबीजवळचा फुगा आत जाईना, कडक झाला, उलट्या सुरू झाल्या. भावाने शेजाऱ्यांच्या जीपमधून दौंडला नेलं, वही घेऊन मीही बसलो. दवाखान्यात आडवं झोपवून डॉक्टरांनी तो हळूहळू आत सारला. त्या दिवशी काट्यावर त्र्याऐंशी होतं. डॉक्टरांनी आकडा बघितला, वही बघितली, माझ्याकडे बघितलं.

"ऐंशी होईपर्यंत थांबलो तर पुढच्या वेळी हे आत जाणार नाही," ते म्हणाले. "आठ दिवसांनी घेऊ. आदल्या रात्री दहानंतर काही नाही. पाणीसुद्धा."

म्हणजे शेवटचे तीन किलो डॉक्टरांनी सोडून दिले. कोणती पद्धत बरी, हे माझ्या वहीतून सिद्ध होत नाही. पॉइंटवर काही उतरलं नाही. कॅलरीवर नऊ किलो उतरले, त्यातले किती तक्त्यामुळे आणि किती त्या कोरड्या सोमवारांमुळे, हे मला सांगता येणार नाही. पुढे कुणी विचारलं तर मी दोन्ही पद्धती सांगतो आणि गप्प बसतो.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी आठला वहिनींना हिरवा गाऊन घातला. नर्स फॉर्म भरत होती. तिने न बघताच विचारलं, "सकाळपासून काही खाल्लं-प्यायलं नाही ना, मावशी?"

"न्हाई, खाल्लं न्हाई," भाऊ म्हणाला.

"चा घेतला," वहिनी म्हणाल्या. "अर्धा कप. पाच वाजता. साखर येक चमचा, दूध म्हशीचं."

नर्सचं पेन थांबलं. भाऊ चिडला. "अगं, चा म्हंजी काय खाणं हाय का? आता कशाला सांगायचं?"

"इचारलं तर सांगाया नगं?"

भूल देणारे डॉक्टर आले, त्यांनी पुन्हा विचारलं, वहिनींनी पुन्हा तेच सांगितलं, तेवढंच. ऑपरेशन दुपारी दोनवर ढकललं गेलं. मधल्या वेळात आमच्या नंतरचा पेशंट आत गेला. भाऊ बाहेर जाऊन उभा राहिला. वहिनी गाऊनमध्येच बाकावर बसून राहिल्या, पाय वर घेऊन. मला म्हणाल्या, "भावजी, तुमास्नी भूक लागली आसंल. जावा, खाऊन या. लिव्हायचं न्हाई तुमाला."

दोन वाजता त्यांना आत नेलं. साडेतीनला डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, झालं.