आत्याच्या माहेरचं पाणी

आत्याचा फोन आला. "दोन्ही गावांची एकच बैठक हाय, तू ये." आत्या कधी काही मागत नाही, म्हणून लगेच निघाले.

पुण्याहून हिंगोलीला रात्रभराची बस आहे. स्टँडवर चहा घ्या आणि सेनगावकडे जाणारी जीप धरा. सुट्टे पैसे जवळ ठेवा, शिवाय भरल्याशिवाय जीप हलत नाही, तेव्हा घड्याळ बघू नका. सोयाबीन निघालं होतं, तूर कमरेच्या वर गेलेली. पुसेगावच्या अलीकडे उतरले. पुढच्या दोन गावांची नावं देत नाही, भांडण अजून ताजं आहे.

वरचं गाव आत्याचं माहेर, खालचं सासर. ओढा एकच, माहेराहून सासरी वाहणारा. माझं लहानपण वरच्याच गावातलं. मग बाबांनी घर-शेत विकलं, आम्ही पुण्याचे झालो आणि आत्याच्या माहेरी कुणीच उरलं नाही. वर बंधारा झाल्यापासून ओढाही दिवाळीआधीच आटू लागला.

दुपारी आत्याकडे ज्वारीची भाकरी आणि ठेचा हाणून आम्ही वरच्या गावच्या शाळेत गेलो. बदलत्या हवामानासाठी दोन्ही गावांनी वेगवेगळे आराखडे केले होते, ते आता एकत्र करायचे होते. ग्रामसेविका मॅडमनी दोन्ही वाचले आणि कपाळाला हात लावला. तेच पाणी दोघांनी धरलं होतं! वरच्यांनी ते सगळं अडवलं होतं, खालच्यांनी त्याच्यावर ओढ्याकाठी झाडं जगवली होती. कागदावर.

"पाणी आमच्या शिवारात पडतं, आमी काहून सोडावं?" वरचे सरपंच म्हणाले.

"मंग आमी झाडं काय थुंकीवर जगवावी?" खालच्या गावचं कुणीतरी ओरडलं.

आवाज चढले तशी आत्या उठली. सासरच्या माणसांबरोबर आली होती, म्हणून डोक्यावर पदर होता. तो तिनं खाली घेतला. माहेरी लेक पदर घेत नाही.

"बाळू," तिनं सरपंचांना सरळ नावानं हाक मारली, "तुला कडेवर घेऊन याच ओढ्यावर धुणं धुतलंय म्या. आता पाणी अडवाया बंधाऱ्याच्या दारात एकावर एक लोखंडी बरगे लावशील, ते समदे लावू नको. लेकीला माहेराहून रिकाम्या हातानं लावून देता का रे?"

सरपंचांनी हातातला कागद मिटला. "वरचे दोन लावत न्हाई, ताई. सांडंल ते तुमचं."

मॅडमनी ते एकाच आराखड्यात लिहून घेतलं.

पुण्यात आल्यापासून कामात मन लागत नाही. ते गाव मला अजून हवं आहे, आणि तिथे माझं म्हणायला उंबरासुद्धा नाही. परवा राहवेना, फोन केला.

"आलं का पाणी?"

"आलंय. घोट्याएवढंच हाय, पर चालू हाय. सकाळी पाय सोडून बसते."

"मी येते पुढच्या महिन्यात."

"ये, बाई," आत्या म्हणाली. "तुमी समदे गेल्यापासून माहेराहून तेवढंच येऊन राहिलंय."