थंडोबाच्या जिवाला लागलेला घोर

लोक त्याला थंडोबा म्हणत. खरं तर थंडोबा म्हणावं ते कानाशी नगारा वाजवला तरी कूस न बदलणाऱ्या माणसाला. हा नेमका उलटा. पायाला भिंगरी, हाताला चाळा. जेवायला बसला तरी एक गुडघा हलत असायचा. पण धंदा एसी दुरुस्तीचा, म्हणून गल्लीतल्या कुणीतरी नाव चिकटवलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. बायकोसुद्धा चिडली की म्हणायची, "अहो थंडोबा, जरा बूड टेकवा!"

बूड टेकणार कसं? जाईल तिथं त्याचे कान टवकारलेले. एकदा दाताच्या डॉक्टरकडे खुर्चीत आ वासून पडला होता, तोंडात कापसाचे बोळे. तरी त्यानं बोट वर करून भिंतीवरच्या एसीकडे खुणा केल्या. डॉक्टर घाबरला, वाटलं फारच दुखतंय. बोळे काढल्यावर हा म्हणाला, "पंख्याचं बेअरिंग गेलंय तुमच्या. कधीही बसेल." डॉक्टर म्हणाला, "आधी तुमची दाढ बघू का?"

त्याच्या कामाची ख्याती अशी की त्यानं हात लावलेलं यंत्र पुन्हा तक्रार करत नसे. तो स्वतः हे कधी बोलला नाही, पण मनात जपून ठेवलेला तोच त्याचा एक दागिना होता. तो नेमका ताईच्या घरी गहाळ झाला.

ताई त्याची थोरली बहीण. आई गेल्यावर याला तिनंच वाढवलं. तिचे यजमान शहरातली बस चालवायचे, आडदांड, गमत्ये, इस्त्रीच्या शर्टाशिवाय दाराबाहेर पाऊल न टाकणारे. निवृत्तीच्या आधीच त्यांच्या नसांना आजार जडला. पाय ऐकेनासे झाले. या दुखण्याची एक खोड होती : उकाडा वाढला की भाऊजींची सगळी ताकद ओसरायची. हातातला पेला निसटायचा, जीभ जड व्हायची. गारव्यात तेच भाऊजी भिंतीला धरून का होईना, खिडकीपर्यंत चालत जायचे. डॉक्टरांनी ताईला बजावलं होतं, खोली गार ठेवा, औषधाइतकंच हे महत्त्वाचं समजा.

थंडोबानं दहा ठिकाणी फिरून स्प्लिट एसी निवडला, स्वतःच्या हातानं बसवला. पाइपांचे जोड असे आवळले की जणू पाणबुडीचेच. थंड हवेचा पहिला झोत आला तेव्हा तो ताईला म्हणाला, "आता हे माझ्यावर सोड. विसरून जा की भिंतीवर काही आहे."

पहिला उन्हाळा छान गेला. दुसऱ्या उन्हाळ्याच्या तोंडाशी ताईचा फोन आला. "अरे, हवा येतेय, पण जीव नाही तिच्यात."

तो गेला. आतल्या युनिटचं झाकण उघडलं तर तांब्याच्या नळ्यांच्या अर्ध्या कॉइलवर बर्फाची साय, अर्धी कोरडी. म्हणजे गॅस कमी झालेला. बंद नळ्यांमधला गॅस उगाच कमी होत नाही. कमी झाला म्हणजे कुठून तरी निसटतोय. त्यानं प्रत्येक जोडाला साबणाचा फेस लावला आणि नाक टेकवून बघत बसला. एक बुडबुडा उठेल तर शपथ! तरी त्यानं जोड नव्यानं केले, गॅस भरला. झोत पुन्हा बर्फासारखा. निघताना भाऊजी पलंगावरून म्हणाले, "काय मेहुणे, पास ना आमचं मशीन?"

"शंभर टक्के, भाऊजी."

महिना सरला नाही तोच पुन्हा फोन.

या खेपेला त्यानं नळ्यांमध्ये दाबानं नायट्रोजन भरून ठेवला आणि दाब दाखवणाऱ्या गेजच्या काट्याकडे टक लावून बसला. काटा जागचा हलला नाही. ताईनं चहा आणून ठेवला, त्यावर साय धरली, तरी हा काट्यासमोर. शेवटी पुन्हा गॅस भरला आणि घरी आला, पण डोक्यात तो काटा तसाच. कुठेतरी गळत होतं, आणि ते त्याला दिसत नव्हतं.

तिथून त्याच्या जिवाला जो घोर लागला तो लागलाच. दुसऱ्यांची कामं करायचा, पण मन ताईच्या भिंतीवर. रोज काहीतरी निमित्त काढून तिकडे चक्कर. कधी पक्कड विसरली म्हणून, कधी या बाजूला काम होतं म्हणून. आत शिरला की चपला काढायच्या आधी हात वर, झोताखाली. ताई काही बोलायची नाही, आणि तेच त्याला टोचायचं. तिनं दोन शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. भाऊजी मात्र सोडायचे नाहीत. "तुमचं मशीन माझ्यावर गेलंय, मेहुणे. सकाळी खडखडीत, दुपारी आडवं."

बायको म्हणाली, "जगात तेवढा एकच एसी आहे का?"

"ताईच्या घरी एकच आहे," तो म्हणाला, आणि ताटावरून उठला.

मग ती दुपार आली. बाहेर डांबर मऊ झालेलं. थंडोबा एका दुकानाच्या गच्चीवर, हातात पाना, आणि फोनवर ताईचा न ओळखण्यासारखा आवाज. "हे पडलेत. मला उचलवत नाहीयेत. मशीन वाफ फेकतंय नुसती."

पाना तिथेच टाकून तो जिना उतरला. रस्त्यात प्रत्येक सिग्नलला शिव्या दिल्या. घरात शिरला तर पलंग रिकामा. स्वयंपाकघरात जाऊन बघतो तर भाऊजी जमिनीवर चादरीत, फ्रिजचं दार सताड उघडं, आणि ताई त्यांचं डोकं मांडीवर घेऊन, फ्रिजकडे तोंड करून बसलेली. चादरीला धरून तिनं त्यांना न्हाणीघरातून इथवर ओढत आणलं होतं. उघड्या फ्रिजनं खोली गार होत नाही, उलट तापते, हे थंडोबाच्या ओठावर आलं होतं. त्यानं ते गिळलं. खाली वाकला आणि भाऊजींच्या काखेत हात घातले.

एवढा धिप्पाड माणूस ओल्या पोत्यासारखा झाला होता. डोळे उघडे, ओठ हलत होते, शब्द फुटत नव्हते. दोघांनी मिळून त्यांना पलंगावर घेतलं. ओले पंचे, पंखा, बर्फाच्या पिशव्या. तास-दीड तासानं भाऊजींचं पहिलं वाक्य आलं, अडखळत, "फ्रिजमध्ये... काहीच नव्हतं... खायला."

ताई हसली आणि मग तोंडाला पदर लावून आतल्या खोलीत गेली.

थंडोबा तडक घरी गेला. आपल्या झोपायच्या खोलीतला जुना खिडकीचा एसी उचकटला. बायको दुसऱ्या बाजूनं धरायला आली. तो ताईच्या खिडकीत बसवला, फटींना पुठ्ठे लावले, आणि भिंतीवरचं आतलं युनिट उतरवून आपल्या दुकानात नेलं. आज सोक्षमोक्ष लावायचाच.

दुकानात मागं एक लांबट टाकी होती. त्यात पाणी भरलं, कॉइलची तोंडं बंद करून नायट्रोजन भरला आणि ती पाण्यात बुडवली. मग स्टूल ओढून बसला. गुडघा हलू लागला की हातानं दाबून धरायचा, पाण्याला हलकासा धक्काही नको म्हणून. बराच वेळ काही नाही. आणि मग एका तांब्याच्या नळीवर मोहरीच्या दाण्याएवढा बुडबुडा धरला. वाढला. सुटला. वर आला. तिथेच दुसरा धरू लागला. एवढा सावकाश, की कुठल्याही काट्याला तासाभरात कळला नसता.

त्याला आनंद झाला का? क्षणभर. पण गळती जोडात नव्हती, घासलेल्या जागी नव्हती, चांगल्या सरळ नळीत होती. त्यानं तो तुकडा कापला, उभा चिरला आणि भिंगाखाली धरला. तांब्याच्या अंगात बारीक काळी भुयारं, एकातून एक फुटलेली, मुंग्यांच्या वारुळासारखी. सुटे भाग विकणाऱ्या म्हाताऱ्या दुकानदारानं असा एक तुकडा त्याला कधीकाळी दाखवला होता. म्हणाला होता, "आंबट वाफा. ओल आणि आंबट वाफ रोज मिळाली की तांब्याला आतून पोखरते."

आंबट वाफ. थंडोबानं भिंग खाली ठेवलं. ताईच्या खोलीचा वास त्याच्या नाकात आला, जणू ती खोली समोर उभी आहे. व्हिनेगर. फरशी व्हिनेगरनं पुसलेली, कपाट व्हिनेगरनं, एसीची जाळी व्हिनेगरनं. आणि कपाटावर, बरोबर युनिटच्या खाली, एक पसरट वाडगा, काठोकाठ भरलेला. रोज ताजा. भाऊजींचा आता लघवीवर ताबा राहत नसे. एवढा टापटिपीचा माणूस, त्याच्या खोलीला आजाऱ्याचा वास येऊ नये म्हणून ताईनं हा खटाटोप मांडला होता. त्या वाडग्यावरून जाणारी हवा यंत्र दिवसभर आत ओढत होतं.

सांगायचं कसं? तिनं घासून-घासून जपलेली खोली, आणि तिच्याच हातानं हे झालं म्हणायचं? दोन दिवस तो नुसता भिरभिरत राहिला. नवी कॉइल आणली, दुकानात इकडून तिकडे ठेवत बसला. गुपचूप बसवावी आणि म्हणावं, माल खराब निघाला. कुणाला कळणार होतं? वर्ष-दीड वर्ष तरी सुखात जाईल. पुढचं पुढे.

असंच ठरवून तो ताईकडे गेला. शिडीवर चढला, युनिट बसवलं, जोड आवळले. खालून ताईनं विचारलं, "काय झालं होतं रे?"

"कॉइल खराब निघाली."

"बघ! मी म्हणतच होते. हल्ली कशाचाच भरवसा नाही." आणि असं म्हणत तिनं कपाटावरचा वाडगा उचलला, धुतला, आणि बाटलीतून ताजं व्हिनेगर ओतायला लागली.

तो शिडीवरून उतरला आणि तिचं मनगट धरलं.

"ताई, हे नको."

मग सगळं सांगितलं. नळीचा तुकडा खिशातून काढून तिच्या तळहातावर ठेवला. "म्हणजे मीच," ती म्हणाली. मग तिचा आवाज चढला. "मीच पाडलं त्यांना, असंच ना? आणि तू? रोज येत होतास ना घरात? नाक नव्हतं तुला? दारातच वास यायचा, वर म्हणायचास ना, काय घर चकचकीत ठेवतेस म्हणून!"

खरंच होतं ते. जगातल्या सगळ्या यंत्रांचे आवाज ऐकणाऱ्याला डोळ्यांसमोरचा वाडगा दिसला नव्हता. गळती शोधताना तो फक्त यंत्राकडे बघत होता, खोलीकडे नाही.

तेवढ्यात पलंगावरून आवाज आला. "भांडून झालं असेल तर मी बोलू का?"

दोघं वळली.

"दोन उन्हाळे झाले," भाऊजी म्हणाले, "मला बरणीत मुरत घातल्यासारखं वाटतंय. डोळ्यांतून पाणी येतं त्या वाफेनं. तुला वाटायचं मी रडतो."

"मग बोलला का नाहीत?" ताई म्हणाली.

"तू इतकी मन लावून करत होतीस. आणि दुसरा वास त्याहून वाईट होता." ते छताकडे बघत राहिले. "माझाच."

ताई पलंगाच्या कडेवर बसली. तिनं वाडगा मांडीवर धरला होता, तो कुठे ठेवावा हेच तिला कळत नव्हतं. शेवटी तो थंडोबानंच घेतला आणि मोरीत रिकामा केला. नळ सोडून तो वास जाईपर्यंत विसळला.

ताई पुढे दोन आठवडे त्याच्याशी धड बोलली नाही. फोन केला की "बरं आहे" एवढंच. तिनं खोली साध्या साबणाच्या पाण्यानं पुसायला सुरुवात केली, सकाळी ऊन चढायच्या आत खिडक्या उघडू लागली, चादरी दिवसातून दोनदा बदलू लागली. हे त्याला भाऊजींकडून कळलं. "चादरींनी घर भरलंय," ते म्हणाले. "जहाजात राहतोय असं वाटतं. शिडंच शिडं."

यंत्र चालत राहिलं. तरी त्याचा जीव काही थाऱ्यावर येईना. आता ताईच्या दारात उगाच जायची चोरी, म्हणून तो खालच्या रस्त्यानं जायचा आणि मान वर करून बघायचा. भिंतीबाहेर एसीचं पाणी टाकणारी नळी होती. तिच्यातून थेंब गळत असले की समजायचं, आत गारवा आहे. थेंब पडताना दिसला की मगच गाडी पुढे. नव्या गिऱ्हाइकांकडे गेला की आता आधी खोलीत फिरायचा, हुंगायचा, कपाटावर काय ठेवलंय ते बघायचा. एका बाईंनी विचारलंसुद्धा, "तुम्ही एसी बघायला आलात की घर?"

उन्हाळा उतरणीला लागला तशी एक दिवस नळी कोरडी दिसली. तो थांबला. एक थेंब नाही. गाडी तशीच रस्त्यात लावून, मागच्याचा हॉर्न ऐकत, दोन-दोन पायऱ्या टाकत वर गेला आणि दार ठोठावलं.

ताईनं दार उघडलं. त्याच्याकडे बघितलं, घामानं निथळणारा, हातात पिशवी नाही की अवजार नाही.

"बंद पडलं?" तो म्हणाला.

"बंद केलंय. वारा सुटलाय ना आज." तिनं दार पूर्ण उघडलं. "ये. चहा टाकतेय."

"गाडी रस्त्यात आहे."

"मग लावून ये नीट," ती म्हणाली. "आणि आलास की बस जरा. त्यांना तुझ्याशी पत्ते खेळायचेत, मी कंटाळले हरून."

तो खाली धावला. हॉर्न वाजवणाऱ्याची माफी मागितली, गाडी कोपऱ्यावर लावली आणि परत वर आला. भाऊजींनी पत्ते पिसायला घेतले होते. एक पत्ता निसटून पलंगाखाली गेला. थंडोबा तो काढायला वाकला, आणि वाकल्या-वाकल्या भिंतीवरच्या यंत्राकडे एकदा बघून घेतलं.

"खेळणार आहात की तपासणी?" भाऊजी म्हणाले.

"खेळतो, भाऊजी. वाटा."