पावलाआधीचा सूर

रात्रपाळी संपवून सुनेत्रा पहाटे घरी येते आणि कपडे न बदलताच पलंगावर अंग टाकते. आतल्या खोलीत तिची नऊ वर्षांची चार्वी रियाजाला बसली आहे. सा, रे, ग... रोजच्यासारखी पोर एकेक सूर चढत जाते. सुनेत्राच्या डोक्यात रविवारच्या पुरवणीचा लेख घोळतो आहे: मुलांच्या कार्टूनपटांतल्या संगीताचा इतिहास. शेवटचा परिच्छेद काही केल्या जमत नाही. 'म' तिला झोपेच्या उंबऱ्यावर ऐकू येतो. 'प' येतो तो लाकडाचा.

टक्.

ती ऑफिसच्या बोळातून चालते आहे. प्रत्येक पावलाला लाकडी पट्टीवर टिपरी पडावी तसा सूर. ती थांबली की तोही थांबतो. बोळाच्या टोकाला काच, काचेपलीकडे रेकॉर्डिंगचा हॉल, आणि काष्ठतरंगाच्या पट्ट्यांमागे सायमन लोपीस. वसईचे सायमनकाका. कार्टूनमधल्या सशा-उंदरांची पावलं वाजवण्यात त्यांचा उभा जन्म गेला. लेखासाठी सुनेत्रा दोनदा त्यांच्या घरी गेली होती. तिसऱ्यांदा गेली ती त्यांच्या मातीला.

"ये, बाय," ते म्हणतात. "लेख झाला?"

"शेवट राहिलाय. पण काका, तुम्ही तर..."

"गेलो. ठाऊक आहे मला. पुढचं विचार."

वार्ताहराची सवय मेलेल्या माणसासमोरही सुटत नाही. "अगदी सुरुवातीला कसं होतं?"

"पडद्यावर मुकं चित्र, आणि खाली कुणीतरी पियानो नाहीतर पेटी बडवतोय. जमलं तर जमलं. मग सिनेमा बोलायला लागला. आम्ही चित्राच्या पायाला सूर बांधला. ससा उडी मारणार, आमचा डोळा त्याच्या पायावर. टण्!"

"मग गाणी आली. घरदार गुणगुणेल अशी."

"आली ना! तिथंच तर उलटं झालं. सूर आधी. चित्रकार टेप ऐकून पावलं काढायचे." काका हसतात, दात दिसत नाहीत. "हे लिहिलंस?"

सुनेत्रा काचेसमोरच्या खुर्चीकडे जायला पाय उचलते. टक् आधी वाजतं. पाऊल मागाहून पडतं.

मागे फिरावं म्हणून ती वळते, तर मागे बोळ नाही. चार्वीच्या शाळेचा जिना आहे. गणवेशातली चार्वी गुणगुणत चढते आहे, आणि प्रत्येक पायरीला काकांचा सूर आधीच्यापेक्षा वरचा. पायऱ्या संपतात. पोर चढतच राहते. खाली नुसती हवा.

"काका, जिना संपला!"

"संपू दे की. कार्टूनमधलं पात्र लगेच पडतं होय? खाली बघितल्यावर पडतं."

"आणि ते खाली कधी बघतं?"

"शिट्टी वाजली की."

सदऱ्याच्या खिशातून ते पत्र्याची नळी काढतात. नळीत दांडी. फुंकताना दांडी आत लोटली की सूर वर जातो, बाहेर ओढली की थेट तळाला घसरतो. सुनेत्रा शिट्टी ओळखते. काकांनीच ती तिला आठवण म्हणून दिली होती. ती ऑफिसच्या खणात आहे, कुलुपात.

"या आवाजाला काय हसायची पोरं!" काका मायेनं नळी पुसतात. "कुणी पडलं की अख्खं घर हसायचं. म्हाताऱ्यांसकट."

"वाजवू नका. माझी मुलगी आहे ती."

"सशालाही आई असेलच की. मी कुणाला पाडत नाही, बाय. ठरलेलं असतं तेवढं वाजवतो."

नळी ओठांजवळ जाते. सुनेत्रा काचेवर झेप घेते. काच पाण्यासारखी बाजूला होते, आणि दांडी तिच्या मुठीत येते. काका ओढाताण करत नाहीत. नवख्या वादकाला सांगावं तसं शांतपणे म्हणतात, "उपटलीस तर सूर खाली यायचा नाही. पण वरही चढायचा नाही. रिकामी नळी एकच सूर देते. चालेल?"

वर चार्वीची मान हळूहळू खाली वळते आहे.

"चालेल!" सुनेत्रा ओरडते आणि हिसका देते.

पंखा. खिडकीतलं ऊन. आवळून आवळून तिची मूठ पांढरी पडली आहे. ती बोटं सोडवते. तळहातावर पत्र्याची बारीक दांडी आहे, टोकाला कडी असलेली. नळी नाही.

आतून आवाज येतो. "सा..."

आहे. पोर आहे. सुनेत्रा डोळे मिटून श्वास सोडते.

"सा..."

तोच सूर. पुन्हा तोच. सुनेत्रा उठून बसते.

"चार्वी, पुढे जा ना. रे म्हण."

"रेच तर म्हणतेय, आई," चार्वी म्हणते, आणि गाते.

सा.